मुख्य नोंद

सकाळच्या यादीतली सातवी जोडी तिच्या वडिलांची निघाली.

हॉस्पिटलने गेल्या वर्षी शहराबाहेरचा एक दवाखाना ताब्यात घेतला, तेव्हापासून तिचं काम हेच. दोन्हीकडच्या संगणकांत एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडल्या की जुळवून एक करायची. नोंदी जुळल्या नाहीत तर खरी कुठली मानायची, यावर समितीने तीन महिने काथ्याकूट केला होता. कुणी म्हणे नवी, कुणी म्हणे जुनी. शेवटी तिनेच सुचवलं, ज्या नोंदीत भेटी जास्त ती मुख्य; माणूस जिथे जास्त जातो तिथे त्याची माहितीही जास्त असणार. साहेबांनी तिची पाठ थोपटली होती.

इकडची नोंद कालचीच होती. बाबांना बेशुद्ध अवस्थेत आणलं, आईने फॉर्म भरला. ॲलर्जी, कशाचीही नाही. दवाखान्यातली नोंद तेरा वर्षांची होती, भेटी एकेचाळीस. ओळखपत्राचा क्रमांक तोच, जन्मतारीख तीच. फोटोही बाबांचाच, फक्त हसरा. जवळचं नातं, पत्नी. नाव आईचं नव्हतं.

फिरतीची नोकरी, महिन्यातले दहा दिवस बाहेरगावी. तेरा वर्षांत या गृहस्थांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

'वेगळ्या व्यक्ती' असं एक बटण होतं. ते दाबून मोकळं व्हावं, असं तिला मनापासून वाटलं. पण त्याच नोंदीत खाली लाल अक्षरांत एक ओळ होती. पेनिसिलिन दिल्यावर अंगभर गांधी, घशाला सूज, पुन्हा कधीही देऊ नये. आणि बाबांचं ऑपरेशन अकरा वाजता होतं.

तिने वॉर्डात फोन लावला. ऑपरेशनआधी द्यायचं इंजेक्शन त्याच जातीचं होतं.

"मी सांगते हो डॉक्टरांना," सिस्टर म्हणाली. "पण तुमच्या आईंनी सही करून दिलंय, ते मला खोडता येत नाही. आत सगळे स्क्रीन बघून इंजेक्शन देतात, ताई. तिथे दिसलं पाहिजे."

नोंद अर्धीमुर्धी आणता येत नसे. ॲलर्जी आली की मागोमाग पत्ता येणार, फोन येणार, पत्नी येणार. वर मुख्य नोंदीतल्या नातेवाइकाला ऑपरेशनचा निरोप आपोआप जातो. आई तर वॉर्डाबाहेरच्या बाकावर रात्रीपासून बसलेली. लेकीला बाबांचा संताप आला, आणि तेवढाच स्वतःच्या त्या शहाण्या नियमाचा.

तिने 'एकच व्यक्ती' दाबलं.

पावणेअकराला ती वर गेली. इंजेक्शन बदललं होतं. एवढी महत्त्वाची गोष्ट फॉर्ममध्ये कशी राहिली, असं सिस्टर आईला विचारत होती, आणि आई गोंधळून पुन्हा पुन्हा सांगत होती की घरी असं कधी झालंच नाही.

तेवढ्यात लिफ्टमधून एक बाई धापा टाकत आली. हातात चिठ्ठ्यांनी फुगलेली फाइल होती. टेबलाशी जाऊन तिने बाबांचं नाव सांगितलं. आपण कोण, असं विचारल्यावर ती म्हणाली, पत्नी. मग तिचं बाकाकडे लक्ष गेलं आणि तिने फाइल छातीशी धरली.

आईने त्या बाईकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. लेक खाली फरशीकडे बघत होती.

"ते इंजेक्शन ह्यांना चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?" आईने विचारलं.

बाईने मान डोलावली.

आई बाकावर जराशी सरकली.

"बसा," ती म्हणाली. "आणि ह्यांना आणखी काय काय चालत नाही, तेही सिस्टरना नीट सांगून ठेवा."