मंजिरीचं सॅम्पल

समरने लॅबच्या फ्रिजमधून फॉइलमध्ये गुंडाळलेली छोटी कुपी काढली आणि डॉक्टर उदय केळकरांसमोर धरली. "काका, हे मंजिरीची शेवटची सॅम्पल." तो मंजिरीबरोबर इथे काम करायचा; जन्मापासून ग्लासगोतला, मराठी बोलताना अडखळायचा.

मंजिरी, डॉक्टरांची एकुलती एक मुलगी, जाऊन सहा आठवडे झाले होते. तिच्या रिसर्च पेपरमधलं एक मोजमाप तेवढं राहिलं होतं. ते तुमच्यासमोर करू, याल का, असं समरने फोन करून विचारलं होतं.

आता तो समजावून सांगत होता. पानातले शेकडो रेणू ऊन पकडतात आणि हातोहात एका जागी पोचवतात. तेच काम करणारे, केसाहून हजारो पटींनी बारीक धागे मंजिरीने घडवले होते. निळा उजेड टाकायचा; तो पोचायचा तिथे पोचला, तर कुपी लाल दिसेल.

डॉक्टर मान हलवत राहिले. हेच तिने एकदा जेवताना सांगायला घेतलं होतं. याने पेशंट बरा होतो का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

समरने खोलीतले दिवे मालवले. निळी रेघ कुपीत शिरली आणि आतलं पाणी लाल झालं. किती उजेड पोचला ते दाखवणारा स्क्रीनवरचा आकडा चढत गेला. समरने आकडा दोनदा तपासला. मग म्हणाला, तिला वाटलं होतं त्याहून जास्त आलंय.

थोड्या वेळाने लाल रंग फिका व्हायला लागला. उजेडानेच धागे जळतात, समर म्हणाला. पान स्वतःला दुरुस्त करत राहतं, यांना अजून ते येत नाही. मंजिरी त्यावरच काम सुरू करणार होती.

"आत्ता बंद केलं तर उरलंय ते राहील?" डॉक्टरांनी विचारलं.

"राहील. पण मग टोटल किती वेळ टिकतं ते नाही कळणार. पेपरला ते पाहिजे." समरचा हात बटणाकडे गेला. "तुम्ही सांगा काका. बंद करू?"

डॉक्टर कुपीकडे पाहत राहिले.

"नको. तिचं काम पुरं होऊ दे."

दोघे तसेच बसून राहिले. लालाचं गुलाबी झालं, मग तेही गेलं. समरने तोंड फिरवलं.

त्या निळ्या उजेडात डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. वॉर्डात पेशंट गेला की वेळ सांगायचं हे काम ते चौतीस वर्षं करत आले होते. मंजिरीच्या वेळी मात्र दुसऱ्या डॉक्टरला करावं लागलं होतं.

"अकरा बेचाळीस," ते म्हणाले. "लिहून घे."