सकाळची वेणी

"हात लावलास तर बोटं चावीन," जेबेझ टोनकिन म्हणाला.

तो इंग्रजी जहाजाच्या तोफांच्या मजल्यावर पालथा पडला होता. मानेच्या वर, वेणीच्या अगदी मुळाशी, ओकच्या लाकडाची वीतभर ढलपी घुसली होती आणि केस तिच्याबरोबर मांसात ओढले गेले होते. शेजारी वस्तरा घेऊन बाल्तासार बसला होता. तो शत्रूच्या जहाजावरचा न्हावी. त्याचं जहाज दुपारी शरण आलं आणि त्याला इकडे आणलं, कारण इंग्रजांचा डॉक्टर खाली हातपाय कापण्यात गुंतला होता. स्पॅनिश जहाजांवर जखमा न्हावीच शिवतो.

जवळच्या तोफा थांबल्या होत्या. लांबवर मागे राहिलेली जहाजं अजून एकमेकांना भाजत होती. काडिझ बंदरासमोरचा समुद्र कुणाचा, हे दोन राजांना ठरवायचं होतं. दोघांपैकी एकही इथं आलेला नव्हता.

"बोटं चाव," बाल्तासार म्हणाला. "पण आधी ढलपी काढू दे. आत राहिली तर सडेल, आणि तू मरशील." जिब्राल्टरच्या गोदीत त्याने इंग्रजांच्या दाढ्या केल्या होत्या. भाषा तिथं उचललेली, निम्मी शिव्यांची. त्याने वेणीच्या टोकाची गाठ चिमटीत धरली. "ही सोडतो, केस मोकळे करतो..."

जेबेझने त्याचं मनगट पकडलं. जखमी माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"सोडू नकोस."

एक तरुण लेफ्टनंट जाता जाता थांबला. "काय तमाशा आहे? केसांसाठी? ऐकत नसेल तर तिकडे ठेव त्याला. पुढचा घे."

तिकडे म्हणजे डोलकाठीपाशी. ज्यांच्यावर दोरा वाया घालवायचा नाही असं ठरलं होतं, ते तिथं ओळीत निजवले होते. काही जण अजून पाणी मागत होते.

लेफ्टनंट गेला. बाल्तासार वाकला. "म्हाताऱ्या, केस परत येतील. तुला टक्कल पडेल म्हणून मरतोस?"

"केस येतील. वेणी येणार नाही."

स्वतःची वेणी स्वतःला धड घालता येत नाही. म्हणून त्या जहाजांवर प्रत्येकाचा एक वेणीचा सोबती असे. तू माझी घाल, मी तुझी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"एनॉकनं घातलीय," जेबेझ म्हणाला. "आज सकाळी. लढाईचा नगारा वाजायच्या आधी. म्हणाला, घट्ट घालतो, नाहीतर तोफेत अडकशील गाढवा."

"मग बोलव त्याला. उद्या पुन्हा घालेल."

जेबेझने तोफेच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीची खालची कड लाल होती. बाल्तासारला कळलं. लढाई चालू असताना मेलेला माणूस तोफेच्या वाटेत येतो. त्याला तिथूनच बाहेर ढकलतात. प्रार्थना नाही, कापडात शिवणं नाही. त्यांच्याही जहाजावर सकाळपासून तेच चाललं होतं.

"पाय मी धरले होते," जेबेझ म्हणाला. "त्याच्या केसांना हात लावायलासुद्धा सवड दिली नाही हरामखोरांनी. तोफ भरा म्हणाले. भरली."

बाल्तासारने पिशवीतून जाड दोरा काढला, मेणावर ओढला आणि वेणीच्या मुळाशी, डोक्याला अगदी चिकटून, फेरे देत करकचून बांधला.

"काय करतोस रे?"

"गप्प पड. सोडत नाहीये."

वस्तरा दोरा आणि डोकं यांच्या मधून, कातडीला घासून फिरला. वेणी अख्खी निघाली. एकही पेड सुटला नव्हता. बाल्तासारने ती जेबेझच्या मुठीत दिली आणि मूठ त्याच्या तोंडापाशी नेली. "आता ही चाव. माझी बोटं नको."

ढलपी निघाली तेव्हा जेबेझने खरंच दात रोवले. वेणीला चोपडलेल्या डांबराची चव आली, आणि त्याच्याखाली एनॉकच्या तंबाखूची. तो रडला, तो कशासाठी हे त्याचं त्यालाच ठाऊक.

बाल्तासार टाके घालत होता. जहाज आता जास्त डोलत होतं, वारा फिरला होता. त्याचे स्वतःचे केस सकाळीच सुटले होते. रक्ताने चिकटलेल्या बटा डोळ्यांवर येत, तो मनगटाने मागे सारी, त्या पुन्हा येत. शेवटचा टाका घालून त्याने डोक्याला पट्टी गुंडाळली.

"झालं. आता मरायचं तर दुसरं कारण शोध." तो उठायला लागला. पलीकडे कुणीतरी विव्हळत होतं.

"ए न्हाव्या."

"काय?"

जेबेझ तोफेच्या चाकाला धरून कसाबसा उठून बसला होता. वेणी त्याने सदऱ्याच्या आत सारली होती. "बस इथं. पाठ कर."

"पुढचा वाट बघतोय."

"असं आंधळ्यासारखं शिवलंस तर त्याचं नाक कानाला जोडशील. बस."

बाल्तासार बसला. जेबेझने त्याचे केस मागे ओढले आणि तीन भाग केले. बोटं आधी चुकली, मग त्यांना आठवलं.

"एनॉकचे केस मऊ होते," तो म्हणाला. "हा नुसता काथ्या आहे."

"काथ्या तर काथ्या. घट्ट घाल."

बांधायला काही नव्हतं. सुईत टाक्यांचा उरलेला दोरा होता. जेबेझने तो काढून घेतला, वेणीच्या टोकाला गुंडाळला आणि गाठ दातांनी ओढून घट्ट केली.