घट्ट बसलेला फासा

उद्या ऑपरेशन. अंगावर सोनं नको, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा कुठे बाई सोनाराच्या दुकानात आल्या. नवरा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांत, हातातलं ब्रेसलेट त्यांनी एकदाही काढलं नव्हतं.

“फासा पार घट्ट बसलाय. कापलात तरी चालेल, पण जरा लवकर करा,” त्या म्हणाल्या.

सोनारानं डोळ्याला भिंग लावलं आणि फाशाला नुसतं नख लावलं. तो खटकन उघडला.

“कापायचं काय यात? खाचेत मळाचा कण नाही, तेलही ताजं आहे. काळजी घ्यावी तर अशी. घरात कोण करतं हे?”

“मी एकटीच असते. आणि मला तर हा फासा कधी उघडताच आला नाही.”

“एका हातानं नाहीच उघडत हा. दुसरं माणूस लागतंच.”

बाई मोकळ्या मनगटाकडे बघत राहिल्या. रोज झोपेची गोळी घेतली की सकाळपर्यंत त्यांना कशाची म्हणून शुद्ध नसायची.

“झालं काम. घाई होती ना तुम्हाला?”

बाई हळूच स्टुलावर टेकल्या. “दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं तुमचं?”