भिंतीवरची कुदळ

फादर लिनुसनी भिंतीवरून कुदळ काढली आणि मागे तिच्या आकाराचा पांढराफेक डाग राहिला. तेहेतीस वर्षं ती तिथे होती, क्रूसाच्या बरोबर खाली. दर ईस्टरला ते तिच्या दांड्याला तेल लावत. कुणी मोठं माणूस मिशनात आलं की कौतुकानं दाखवत, "गावानं दिलेली पहिली भेट. मला येऊन तिसराच दिवस होता."

आज ती परत करायची होती. जिची होती ती मामा स्कोला (इथे आईला मामा म्हणतात) ऐंशीच्या घरातही धडधाकट होती, आणि विमानात कुदळ घेऊन कोण बसतं?

बारा वाजता जीप येणार होती. फादर बहात्तर वर्षांचे झाले होते. त्यांच्या देशात म्हाताऱ्या पाद्र्यांसाठी एक घर होतं, तिथे खोली तयार होती. बिशपनी मात्र एक वाट उघडी ठेवली होती. "देवळामागच्या खोलीत राहायचं तर राहा. पण गावानं तसं म्हणायला हवं." फादर महिनाभर वाट पाहत होते. आमच्या लिपुंगा गावात कुणी चकार शब्द काढला नाही. घरोघरी निरोपाच्या कोंबड्या तेवढ्या कापल्या गेल्या.

फादर मनातून फार दुखावले होते. काय करायचं ठेवलं होतं त्यांनी? ट्रकच्या चाकाची लोखंडी कड आंब्याला टांगून देवळाची घंटा केली, ती अजून वाजते. औषधांची पेटी घेऊन ते सायकलवरून गावोगाव हिंडत, आणि पावसाळ्यात सायकलच त्यांच्या खांद्यावर बसून हिंडे. मामा स्कोलाच्या सातही नातवंडांच्या डोक्यावर त्यांनी बाप्तिस्म्याचं पाणी घातलं होतं, आणि त्यांतल्या दोघांवर मातीही.

आणि तरी ज्या घरात जावं तिथे त्यांच्यासाठी खुर्ची निघायची. बाकीचे सगळे चटईवर. मक्याच्या पिठाच्या उगालीच्या ताटात कोंबडीची कलेजी त्यांच्याकडेच सरकवायची. ते दिसले की पाण्याच्या पंपावर भांडणाऱ्या बायका गप्प होत. एकदा तरी कुणीतरी आपल्यावर खेकसावं, असं त्यांना फार वाटायचं. पण नाही म्हणजे नाही.

मामा स्कोला घराशेजारच्या मक्यात वाकलेली होती. फादर दिसताच तिनं कमरेला गुंडाळलेल्या कांग्याला हात पुसले आणि खुर्ची आणायला वळली.

"खुर्ची नको, मामा. ही द्यायला आलोय." फादरनी कुदळ पुढे केली. "बघा, कशी जपलीय. एक ओरखडा नाही."

मामा स्कोलानं पात्यावरून अंगठा फिरवला.

"तेच तर म्हणते मी! चांगली चालती कुदळ होती माझी, पाद्रीबाबा. तुम्ही तिची शोभेची बाहुली केलीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी हातात कुदळ. शेंबड्या पोरालाही कळतं हे. म्हटलं, हा राहायला आलाय, होऊ दे आपल्यातला. म्हणून तिसऱ्या दिवशी दिली. तुम्ही नेऊन देवाखाली टांगलीत. आम्ही म्हटलं, बरं बाबा, यांना पाहुणंच राहायचंय. कापा कोंबडी!"

फादर मटकन बांधावर बसले. ही म्हण त्यांनी प्रवचनात दहादा वापरली होती. पण कुदळ हातात पडली त्या दिवशी त्यांना इथल्या भाषेतले तीनच शब्द येत होते. त्यांतला 'आभारी' तेवढा त्यांनी म्हटला होता. पुढे भाषा आली, म्हणही आली. तोवर कुदळ भिंतीचीच होऊन गेली होती.

"मग 'जाऊ नका' एवढं तरी म्हणायचं होतंत." फादर म्हणाले.

"पाहुण्याला अडवायचं? बरं दिसतं का ते? त्याचं त्याला घर असतं." मामा स्कोलानं कांग्याच्या टोकानं डोळे पुसले. "रडले मी आठवडाभर. पण अडवू कुठल्या तोंडानं?"

फादर उठले. झगा गुडघ्यापर्यंत खोचला, बांधावर पडलेली तिची गवती टोपी डोक्यावर घातली आणि कुदळ घेऊन मक्याच्या ओळीत शिरले. माती ओढून बुंध्याला लावू लागले. चार ताटं बरी झाली. पाचव्याला घाव जरा जास्तच बसला.

"अरे ए लिनुस!" मामा स्कोला कडाडली. "डोळे कुठेयत तुझे? मुळं तोडलीस की माझ्या मक्याची! तेहेतीस वर्षं नुसता खुर्चीत बसलास, दुसरं काय होणार!"

फादरना हसू आणि रडू एकदमच आलं. ते पुढच्या ताटाकडे वळले. या खेपेला हात जपून चालवला.

बारा वाजता जीप आली. ड्रायव्हर मेल्कियोरीनं देवळात पाहिलं, खोलीत पाहिलं. दाराशी बांधलेली पेटी होती, माणूस नव्हता. शोधत शोधत तो मक्याच्या बांधावर आला. मामा स्कोला वाकलेली होती. पलीकडच्या ओळीत चिखलानं माखलेलं, गवती टोपीतलं आणखी कुणीतरी पाठमोरं वाकलेलं होतं.

"मामा, मिशनातले पाहुणे कुठे आहेत? न्यायला आलोय."

मामा स्कोलानं मानसुद्धा वर केली नाही.

"पाहुणे होय? ते गेले की मघाशीच. इथे आता आम्ही घरचीच माणसं आहोत."