रोजच्या वापरातली वाक्यं

"आज 'गो आउट' घेऊ," मॅडम म्हणाल्या. "पाठांतर नको. तुमच्या घरातलं, रोजचं, खरंखुरं काहीतरी बोला. चला."

सूनबाई इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. समोर मटार सोलत बसलेल्या काकूंनी कान टवकारले.

काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण म्हणून कोणी त्यांना भोळं समजू नये. 'मदर-इन-लॉ' म्हणजे आपण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'टेन ओ'क्लॉक' तर शेंबडं पोरही सांगेल. दहा वाजता काकू भाजी आणायला जातात. आता ही गोष्ट या परक्या बाईला कशाला हवी?

मुळात ही शिकवणी म्हणजे मुलाचं खूळ. तो कामासाठी महिना महिना बाहेरगावी. पुढच्या महिन्यात त्याचे साहेब बायकोला घेऊन घरी जेवायला येणार होते, आणि साहेबांची बायको म्हणे इंग्रजीशिवाय तोंडच उघडत नाही. "तिला चार वाक्यं तरी यायला हवीत, आई," मुलगा फोनवर म्हणाला होता. "पण क्लासबिस नको. घरीच, तुझ्यासमोर."

निघताना तो दर वेळी म्हणायचा, घर तुझ्यावर सोपवून जातोय. काकूंनी ते काळजावर कोरून ठेवलं होतं. या वयात बाई डोळ्यांत तेल घालून घर राखत होती. दूध, भाजी, बँक, बिलं, सगळं त्याच बघायच्या. सुनेला कशासाठी म्हणून पायपीट करावी लागत नव्हती. तिचे दागिनेसुद्धा काकूंच्या कपाटात जपून ठेवलेले. अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं शेजारणी म्हणायच्या. निदान काकू तरी तसं सांगायच्या.

"छान. आणखी एक," मॅडम म्हणाल्या.

सूनबाईने आणखी एक वाक्य केलं. मग घाईघाईने अजून एक. त्यातही 'आउट' होतंच. या खेपेला मॅडमची पेन्सिल थांबली. त्यांनी हळू आवाजात काहीतरी विचारलं, सुनेने मान खाली घालून उत्तर दिलं, आणि मॅडमनी चक्क वळून दाराकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत.

"काय म्हणाली ही?" काकूंनी विचारलं.

"काही नाही हो. वाक्य जरा चुकलं." मॅडम हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "काकू, पाणी मिळेल?"

"आणते."

"बसा, बसा. मीच घेते." आणि बाई सरळ स्वयंपाकघरात! काकू मटार तसेच टाकून मागोमाग धावल्या. बघतात तर काय, मॅडम मागच्या खिडकीसमोर उभ्या.

"या खिडकीलाही जाळी ठोकलीत?"

"दिवस बरे नाहीत," काकू म्हणाल्या. "कोण कसल्या मिषाने घरात शिरेल, सांगता येतं का?"

टोला बरोबर बसला असावा. मॅडम पाणी न पिताच बाहेर आल्या आणि पाच मिनिटांत निघूनही गेल्या.

काकूंनी सुनेला धारेवर धरलं. "काय सांगत होतीस गं तिला?"

"धडा होता, आई."

"धड्यात मी कशाला?"

"रोजची वाक्यं करायला सांगितली होती."

पोरगी ताकास तूर लागू देईना. सारखी दाराकडे मात्र बघत होती. काकूंना वाटलं, त्या बाईने हिला दमबिम तर दिला नाही ना? इथे काहीतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन येताना त्या औषधाच्या दुकानात थांबल्या. "गो आउट म्हणजे काय हो?"

"बाहेर जाणं," दुकानदार म्हणाला. "का काकू, परदेशी निघालात की काय?"

काकूंना हसू आलं नाही. मी कधी बाहेर जाते, हेच ती टवळी सुनेकडून वदवून घेत होती! पिशवी सावरत त्या लगबगीने निघाल्या, आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकल्या. समोरच्या फुटपाथवर मॅडम उभ्या होत्या. शिकवणीचा वार नव्हता, वेळ नव्हती. सोबत आणखी एक बाई. दोघी मान वर करून काकूंच्याच खिडकीकडे बघत होत्या. काकूंना पाहताच दोघींनी काढता पाय घेतला.

आता शंकेला जागाच उरली नाही. मुलाने विश्वासाने सोपवलेलं घर आपल्या डोळ्यांदेखत लुटलं जाणार! घरी जाऊन त्यांनी दार नीट तपासलं. शाबूत होतं. भाजीची पिशवी हातात तशीच, आणि त्यांनी थेट पोलीस ठाणं गाठलं.

टेबलापलीकडे एक अधिकारी बाई बसल्या होत्या. काकूंनी मटारापासून फुटपाथपर्यंत सगळं भडाभडा सांगितलं. अधिकारी बाईंनी मध्येच पत्ता विचारला. पत्ता ऐकल्याबरोबर त्यांनी शेजारच्या शिपाईबाईकडे पाहिलं, आणि ती टोपी उचलून तडक बाहेर पडली. काकूंना भरून आलं. याला म्हणतात काम!

"घरात आत्ता कोण आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"कोणी नाही हो. म्हणून तर जीव टांगणीला लागलाय."

"सून?"

"ती आहे की. ती आतच असते."

"दाराला कुलूप आहे का?"

"आहे ना, बाहेरून. चांगलं दणकट."

"चोरांच्या भीतीने लावलंत?"

"छे!" काकू म्हणाल्या. "चोरांची भीती कालपासूनची. कुलूप ती लग्न होऊन आली तेव्हापासूनचं आहे."