चिंगीची उंची

रिसीव्हर कानाला लावायच्या आधीच मुलाने काचेपलीकडून मान हलवली. फोनवर बोटाने टकटक केली, हात झाडले. बंद.

“म्हणजे आजही मुक्यांचाच खेळ,” म्हातारी म्हणाली आणि स्टुलावर टेकली.

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीतले पाचही फोन वर्षभर बंद होते. तिने सात अर्ज दिले होते. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात; इथे तर त्याच्या दुप्पट झाले होते. तरी दर महिन्याला ती रिसीव्हर धरून बोलायची. पंधरा मिनिटं नुसतं बघत कसं बसायचं? काच इतकी ओरखडलेली, की ओठांवरून शब्द ओळखता येत नसत. चेहरा तेवढा कळायचा. आज तो आणखी वाळलेला दिसला. चाळीस जणांच्या बराकीत दीडशे जण कोंबलेत, एकाने कूस बदलली की अख्ख्या रांगेला बदलावी लागते, असं त्याने सुरुवातीच्या पत्रात लिहिलं होतं. पुढच्या पत्रांत काळ्या शाईने खोडलेल्या ओळीच जास्त असत. बाहेर त्याचं रेडिओ-पंखे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. चोरीचा पंखा विकत घेतला, हा आरोप. सव्वा वर्ष झालं, खटला अजून उभा राहिला नव्हता.

त्याचा एक तळवा रिसीव्हरच्या तोंडावर होता. रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून दुसरा हात त्याने नेहमीसारखा कमरेपाशी धरला आणि भुवया उडवल्या. चिंगी केवढी झाली?

चिंगी त्याची लेक. आई बाळंतपणातच गेलेली, म्हणून आजीनेच वाढवलेली. पाच महिन्यांपूर्वी तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. त्याच दिवशी म्हातारी तुरुंगाच्या दारात येऊन रडली होती, बापाला शेवटचं तोंड तरी बघू द्या म्हणून. कारकुनाने अर्ज ठेवून घेतला. साहेब रजेवर होते. अर्ज कुठे गेला, देव जाणे. पुढच्या भेटीला मुलाने हसत कमरेपाशी हात धरला, तेव्हा तिला कळलं, याला कुणी सांगितलेलंच नाही. तिचाही हात आपोआप वर गेला. तेव्हापासून दर महिन्याला ती तो बोटभर वर न्यायची. गेलेली पोर अशी वाढत होती.

आज मात्र हात उचलवेना.

“नाही रे राजा,” ती रिसीव्हरमध्ये म्हणाली. “चिंगी नाही राहिली.”

मग भिंतीला सांगावं तसं तिने सगळं सांगितलं. फोन बंद होता म्हणूनच सांगू शकली. ताप, कपाळावरच्या ओल्या पट्ट्या, दवाखान्याची रांग. “शेवटी विचारलं तिने, बाबा आला का म्हणून. मी हो म्हटलं. तिलाही खोटंच सांगितलं, तुलाही खोटंच सांगत आलेय.”

पलीकडे त्याची मान खाली गेली होती. तळवा रिसीव्हरवर घट्ट दाबलेला. खांदे गदगदा हलत होते. खोकला वाढलाय पोराचा, तिला वाटलं.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. हसला. आणि पुन्हा कमरेपाशी हात धरून भुवया उडवल्या.

सांगून टाकल्यामुळे तिला जरा हलकं वाटत होतं. या वेळी हात उचलला. तिने तो मागच्या महिन्यापेक्षा बोटभर वर धरला. त्याने डोळे मोठे केले. एवढी!

घंटा झाली. दारातल्या शिपायापाशी ती थांबली.

“दादा, आता आठवा अर्ज कुणाकडे देऊ? फोन बंदच आहे अजून.”

“बंद कसा असेल, मावशी?” शिपाई म्हणाला. “काल दिवसभर बसून तुमच्याच मुलाने जोडला तो. खोकून खोकून आवाज पार गेलाय त्याचा, तो तुम्हाला ऐकवायचा नव्हता. मला म्हणाला, बंद आहे म्हणून सांगेन तिला, पण वर्ष झालं, आईचा आवाज तरी ऐकेन.”