पहिलं वळण

यंत्रानं नुकत्याच दाबलेल्या बर्फाच्या उतारावर पहाटेचं पहिलं वळण आपलंच, हा स्नोबोर्ड शिकवणाऱ्या इग्नाझचा जुना हट्ट. "बाबा, 'बंद'ची पाटी लावलीय," लेक रोमी म्हणाली. "ती व्हिएन्नाहून येणाऱ्या पर्यटकांसाठी गं! आपण इथलेच." तो निघाला. वळणात इतका आडवा झाला, की कोपर बर्फाला घासलं. तेवढ्यात हेल्मेटवर काहीतरी खर्रकन ओरखडलं. खाली थांबून त्यानं हेल्मेट काढलं: कानशिलापाशी ग्रीस लागलेली चीर. त्यानं वर पाहिलं. बर्फ दाबणारं यंत्र घसरू नये म्हणून डोंगरमाथ्याला बांधलेली पोलादी तार अजून उतारावर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर ताणलेलीच होती. रोमी निघालीही होती, वळणातही न झुकता काठीसारखी उभी. त्यावरून हिवाळाभर तो टोमणे मारायचा. "आडवी हो, रोमी! आडवी हो!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. रोजचाच टोमणा समजून ती हसली, आणखी ताठ झाली आणि तिनं दोन्ही हात उंच केले.